चिंता आणि तरुणांचा देह : कात्रजच्या घाटावरून एक पाठ



एखाद्यानें दुसऱ्यास युक्तीनें चकविलें, म्हणजे "त्यानें त्याला कात्रजचा घाट दाखविला" असें आपण म्हणतों. हा वाक्प्रचार कोठून आला, हें पुणें प्रांतांतील लहान मुलासही ठाऊक असतें. सन १६६३ च्या एप्रिल महिन्यांत शिवाजी महाराजांनीं पुण्याच्या लाल महालांत उतरलेल्या शाहिस्तेखानावर रात्रीं छापा घातला. परंपरेनें चालत आलेली कथा अशी कीं, परततांना पाठलाग होणार हें ओळखून महाराजांनीं कात्रजच्या घाटांत आधींच बैल उभे करवून ठेविले होते, आणि त्यांच्या शिंगांस व आसपासच्या झाडांस पलिते बांधविले होते. इशारा होतांच ते पेटविण्यांत आले. मराठ्यांची फौज घाट चढून चालली आहे असें समजून खानाचें सैन्य तिकडे धांवलें, आणि महाराज सिंहगडाच्या वाटेनें सुखरूप निघून गेले.

या कथेंतील एका गोष्टीकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. पलिते फसवे होते खरे, परंतु त्यांच्यामागें धांवलेलें सैन्य फसवें नव्हतें. घोड्यांस फुटलेला घाम खरा होता. शिपायांस लागलेली धाप खरी होती. रात्रभराच्या धांवपळीनें आलेला थकवाही खराच होता. शत्रु मात्र त्या ठिकाणीं नव्हता. चिंतेनें ग्रासलेल्या तरुण मनुष्याच्या देहांत बहुतेक असेंच घडतें. म्हणून आजच्या पाठांत, चिंता ही मनांत उत्पन्न होऊन शरीरास कशी राबविते, तरुणांसच तिचा त्रास अधिक कां होतो, आणि घरच्या माणसांनीं, शिक्षकांनीं व उपदेशकांनीं अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, याचा विचार करूं.

१. एक नेहमींचें उदाहरण

कात्रज हें पूर्वी घाटाच्या पायथ्याचें एक खेडें होतें. आतां तें पुणें शहराचाच भाग झालें आहे. साताऱ्याकडून येणारा रस्ता येथें शहरांत शिरतो. आसपास महाविद्यालयें व वसतिगृहें पुष्कळ असल्यामुळें, भोर, पुरंदर व सातारा या बाजूंच्या खेड्यांतून शिकण्यासाठीं आलेल्या कित्येक मुलामुलींना पुण्याचें पहिलें दर्शन याच चौकांत घडतें. डोक्यावर पत्र्याची पेटी किंवा पाठीवर पिशवी, खिशांत मोजके पैसे, आणि "पोरानें नांव काढावें" ही साऱ्या घराची आशा, एवढें सामान घेऊन तीं येतात.

अशाच एका मुलाचें चित्र डोळ्यांपुढें आणा. हा कोणी एक विशिष्ट मुलगा नव्हे. परंतु आपल्या गांवांतून जे गेले त्यांपैकीं कोणाची तरी मुद्रा वाचकांस त्यांत दिसेल. परीक्षेच्या आठ दिवस आधींपासून त्याचें पोट बिघडतें. रात्रीं झोंप येत नाहीं. पहाटे छाती धडधडूं लागते, हात बर्फासारखे गार पडतात, आणि आपण आतां मरणार असें त्यास वाटतें. तो कसाबसा गाडी धरून घरीं येतो. आजी त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणते, "कुणाची तरी दृष्ट लागली माझ्या लेकराला." चुलते म्हणतात, "करणी आहे, जाणत्याला दाखवा." वडील म्हणतात, "अभ्यास नको म्हणून सोंगें करतो आहे." आईस वाटतें, मुलाचें काळीज अधू झालें, ती दागिना गहाण ठेवून त्यास दवाखान्यांत नेते. तेथें हृदयाचा आलेख काढितात, तो निर्दोष निघतो. आणि मग "कांहींएक झालेलें नाहीं" असें ऐकून सर्वजण त्याच्यावरच रागावतात.

हीं चारही माणसें त्याच्यावर जीव टाकणारीं आहेत. पण चौघांचाही अंदाज चुकला आहे. त्यास दृष्ट लागली नाहीं, कोणी करणी केली नाहीं, त्याचें हृदय रोगी नाहीं, आणि तो सोंगही करीत नाहीं. मग त्यास झालें तरी काय?

२. देहाचें सैन्य कसें निघतें

आपल्या मेंदूंत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्याचें काम पहारेकऱ्याचें. संकटाची चाहूल लागतांच, विचार करणारा मेंदूचा भाग जागा होण्यापूर्वींच, हा पहारेकरी नौबत वाजवितो. ती वर्दी मज्जातंतूंच्या मार्गानें क्षणांत साऱ्या शरीरांत पोंचते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथि आहेत. वर्दी मिळतांच त्या रक्तांत अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा रस सोडतात. हा रस जोकिचि ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानें १९०१ च्या सुमारास अमेरिकेंत प्रथम शुद्ध रूपांत वेगळा काढिला. कांहीं मिनिटांनीं त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा दुसरा रस वाढूं लागतो. त्याचा अंमल अधिक वेळ टिकतो.

या साऱ्या खटाटोपाचा उद्देश एकच : मनुष्यानें एक तर लढावें, नाहींतर पळावें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ही व्यवस्था विस्तारानें मांडली. त्यापूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, क्ष-किरण नुकतेच उपलब्ध झाले असतां ते मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असत. मांजर शांत असे तोंपर्यंत जठर संथ लाटांप्रमाणें हलत राही. तें बिथरलें कीं हालचाल एकदम थांबे, आणि शांत झालें म्हणजे पुन्हां सुरू होई. पोटाचा व मनाचा संबंध किती जवळचा आहे, हें त्या मुक्या प्राण्यानें प्रत्यक्ष दाखवून दिलें.

आतां त्या मुलाच्या एकेका तक्रारीचा अर्थ लावून पाहूं. हातापायांच्या मोठ्या स्नायूंना अधिक रक्त पोंचावें म्हणून हृदय जलद चालतें; हीच धडधड. अधिक प्राणवायु मिळावा म्हणून श्वास जलद होतो. त्वचेकडील व बोटांकडील रक्त काढून स्नायूंकडे वळविलें जातें. म्हणून हात गार पडतात व चेहरा पांढरा होतो. अंग तापूं नये म्हणून घाम सुटतो. लढाईच्या वेळीं जेवण पचविण्याची घाई नसते, म्हणून लाळ आटते व जठर थबकतें. उलट मोठें आंतडें जलद चालूं लागतें, म्हणून परीक्षेच्या दिवशीं वारंवार शौचास जावें लागतें. स्नायु ताणून सज्ज राहतात, आणि पळण्यास वावच न मिळाल्यामुळें हातपाय थरथरतात. श्वास गरजेपेक्षां जलद चालल्यानें रक्तांतील कर्बवायु कमी होतो. त्यामुळें मेंदूंतील रक्तवाहिन्या किंचित् आकुंचित होऊन घेरी येते, आणि ओठांना व बोटांना मुंग्या येतात.

आपल्या मायबोलीनें हें सारें पूर्वींच टिपून ठेविलें आहे. पोटांत गोळा येणें, तोंडचें पाणी पळणें, घशाला कोरड पडणें, हातपाय गार पडणें, पाय लटपटणें, छातींत धस्स होणें, अंगावर कांटा येणें, हे सर्व वाक्प्रचार म्हणजे केवळ अलंकार नव्हेत. शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील यादी आणि आपल्या आजीच्या तोंडची भाषा यांत फारसा फरक नाहीं.

३. सर्पोद्यानाची कांच

येथें कोणी म्हणेल, "संकट असेल तर शरीरानें असें करावें हें योग्यच, पण प्रश्नपत्रिका म्हणजे कांहीं वाघ नव्हे." याचें उत्तर कात्रज येथेंच मिळतें.

कात्रजला १९८६ सालीं सर्पोद्यान स्थापन झालें. पुढें तेथेंच राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभें राहिलें, आणि सर्पोद्यान आतां त्याचाच भाग आहे. तेथें नाग, घोणस इत्यादि सर्प कांचेआड पाहावयास मिळतात. पाहणाऱ्यास पक्कें ठाऊक असतें कीं, मध्यें जाड कांच आहे. तरी नागानें फणा काढून झेंप घेतली कीं मनुष्य दचकून मागें सरतो. चार्लस् डार्विन यांनीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत हाच प्रयोग स्वतःवर केला होता, आणि १८७२ सालीं छापलेल्या आपल्या पुस्तकांत तो नमूद केला. घोणसाच्या कुळांतील एका विषारी आफ्रिकन सर्पासमोर, जाड कांचेस तोंड लावून, सर्पानें झेंप घेतली तरी मागें हटावयाचें नाहीं असा निश्चय करून ते उभे राहिले. सर्पानें कांचेवर तडाखा मारतांच तो निश्चय कोठल्याकोठें गेला, आणि ते एकदोन यार्ड मागें उडाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची बुद्धि त्याच्या पायांना आंवरूं शकली नाहीं.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली ही कीं, पहारेकरी बुद्धीची परवानगी मागत नाहीं. खरा सर्प आणि अंधारांतील दोरी, कांचेआडचा नाग आणि बांधावरचा नाग, पुढें येऊन ठेपलेलें संकट आणि "नापास झालों तर?" ही केवळ कल्पना, या सर्वांना तो एकच नौबत वाजवितो. म्हणून "घाबरूं नको" एवढें सांगितल्यानें घाबरणें थांबत नाहीं. तसें सांगणें म्हणजे ताप आलेल्यास "तापूं नको" असें म्हणण्यासारखेंच होय.

दुसरी गोष्ट अधिक आशेची आहे. या सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांनीं १९८० सालीं, ऐन तारुण्यांत, पुण्यामध्यें ७२ विषारी सर्पांच्या सहवासांत ७२ तास काढिले होते. त्यांचें अनुकरण कोणीही करूं नये. परंतु त्यांच्या उदाहरणावरून एवढें खास दिसतें कीं, ज्यास पाहून सामान्य माणसाचें देहभान हरपतें, त्याच वस्तूसमोर दीर्घ परिचयानें व अभ्यासानें मनुष्य शांत बसूं शकतो. पहारेकऱ्यास शिकवितां येतें; मात्र तो हुकुमानें शिकत नाहीं, संवयीनें शिकतो.

४. खोटें नव्हे, आणि हृदयरोगही नव्हे

तरुणांच्या या दुखण्याकडे वैद्यांचें लक्ष फार पूर्वीं गेलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत कित्येक तरुण शिपाई छातींतील धडधड, दुखणें, धाप व थकवा या तक्रारींनीं रुग्णालयांत दाखल होत. डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनीं अशा रोग्यांना तपासून १८७१ सालीं आपला लेख प्रसिद्ध केला. पुष्कळांच्या हृदयाच्या रचनेंत कांहीं दोष सांपडला नाहीं. तरी तीं मुलें लबाड नव्हतीं. पहिल्या महायुद्धांतही हीच तक्रार पुष्कळ सैनिकांत दिसली, आणि तिला "शिपायाचें हृदय" असें नांव पडलें. आज आपण जाणतों कीं, अशा तक्रारींच्या मुळाशीं बहुधा भीति व ताण असतात.

म्हणून "कांहींएक झालेलें नाहीं" हें वाक्य अपुरें आहे. "तुझ्या हृदयांत रोग नाहीं, पण तुला होणारा त्रास खरा आहे, आणि त्यावर उपाय आहे," असें पूर्ण वाक्य बोललें पाहिजे. पहिल्या वाक्यानें मुलगा खोटा ठरतो. दुसऱ्यानें त्यास धीर येतो.

५. चिंता घर करून राहिली तर

क्षणिक भीति ही वाऱ्यासारखी येते व जाते. परंतु नौबत दिवसेंदिवस, महिनोंमहिने वाजतच राहिली, तर सैन्य छावणींत परतत नाहीं, आणि उभ्या उभ्या थकून जातें. मान व खांदे आंखडतात, डोकें दुखतें, झोंप तुटते, भूक मरते किंवा अवेळीं लागते, पोट कधीं बांधतें तर कधीं सुटतें. कित्येक मुलींची मासिक पाळी मागेंपुढें होते. वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. त्यामुळें चिंता आणखी वाढते, आणि चिंतेमुळें वाचन आणखी खुंटतें.

कात्रजच्या तलावाची गोष्ट येथें आठवण्यासारखी आहे. सन १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून पुण्यांत आणण्यांत आलें, आणि तें शनिवारवाड्यांत व शहरांतील हौदांत खेळविलें गेलें. हौदावर घागर भरणाऱ्या बाईस तलाव दिसत नसे व नळही दिसत नसे. समोर दिसे तें केवळ पाणी. आतां तलावांतच गढूळपणा शिरला, तर पेठेंतला एक हौद घांसून काय उपयोग? आज हा घांसला तर उद्यां तो गढूळ. चिंताग्रस्त मुलाचें तसेंच होतें. आज पोटासाठीं औषध, उद्यां डोक्यासाठीं, परवां छातीसाठीं आणखी एक तपासणी. आणि मूळ तलावाकडे कोणीच पाहत नाहीं.

तरी येथें एक सावधगिरीची सूचना दिलीच पाहिजे. प्रत्येक धडधड चिंतेचीच असते असें नाहीं. अंगांत रक्त कमी असणें, गळ्याजवळील थायरॉईड ग्रंथीचा विकार, दमा, हृदयाच्या झडपांचा विकार, यांतही अशीं लक्षणें दिसतात. आणि आपल्या खेड्यांतील मुलींमध्यें रक्तक्षय तर फारच आढळतो. अतिशय चहा, तंबाखू, मिश्री व हल्लीं बाटलींत मिळणारीं उत्तेजक पेयें यांनींही छाती धडधडते. म्हणून एकदां नीट तपासणी करून घ्यावी, आणि ती निर्दोष निघाल्यावर दारोदार तपासण्या करीत हिंडूं नये.

६. तरुणांसच अधिक त्रास कां?

मेंदूचे सर्व भाग एकाच वेळीं पक्व होत नाहींत. भीति व उत्साह यांचा पहारेकरी किशोरवयांतच जोरांत येतो. त्यास आंवर घालणारा, आगापिछा पाहणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत वाढतच असतो. घोडा तरणा आणि स्वार शिकाऊ, अशी ही स्थिति असते. शिवाय या वयांत निजेची वेळ स्वभावतःच रात्रीं उशिरां सरकते. त्यांत हातांतील दूरध्वनियंत्राचा उजेड भर घालतो, आणि सकाळचे तास मात्र लवकरच असतात. झोंप अपुरी झाली कीं पहारेकरी अधिकच चिडखोर होतो.

परिस्थितीचा भारही लहान नसतो. परकें शहर, इंग्रजींतले पाठ, वसतिगृहांतील थट्टा, शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज, आणि "आमचें सारें तुझ्यावरच" हें घरचें वाक्य, असें बरेंच ओझें या मुलांच्या डोक्यावर असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत १० ते १९ वर्षें वयाच्या दर सात मुलांपैकीं एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. भारतांत २०१५-१६ सालीं बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं ७.३ टक्के मुलांत असे विकार आढळले. म्हणजे आपल्या गांवच्या शाळेंत शंभर मुलें असतील, तर त्यांत पांचसात तरी अशीं असण्याचा संभव आहे.

लहान वयांत मनाची गोष्ट सांगण्यास शब्द सुचत नाहींत. म्हणून मुलें ती पोटाच्या व डोक्याच्या तोंडून सांगतात. दर सोमवारीं सकाळीं पोट दुखतें आणि रविवारीं दुखत नाहीं, असें दिसलें, तर त्या मुलास रागावण्याऐवजीं शाळेंत काय घडतें हें प्रेमानें विचारावें.

एवढें सांगून झाल्यावर, चिंता अगदींच निरुपयोगी आहे असें मात्र समजूं नये. १९०८ सालीं यर्कीझ व डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनीं उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, कठीण गोष्ट शिकतांना बेताची उत्तेजना हितकर होते, आणि ती फार वाढली कीं काम बिघडतें. भाकरीस आंच हवीच. पण जाळ फार झाला तर ती करपते.

७. तत्काळ काय करावें

कधीं कधीं भीतीचा झटका एकाएकीं येतो. तो साधारणपणें दहा मिनिटांच्या आंत शिगेस पोंचतो, आणि बहुधा अर्ध्या तासांत ओसरतो. त्या वेळीं पुढीलप्रमाणें वागावें.

(अ) त्यास मोकळ्या हवेंत बसवावें. भोंवतीं गर्दी करूं नये. कांदा किंवा जोडा हुंगवूं नये, तोंडावर पाण्याचे हबके मारूं नयेत, हातपाय दाबून धरूं नयेत.

(आ) एका माणसानें शेजारीं बसून शांत आवाजांत सांगावें, "ही लाट आहे, ती चढली तशी उतरेल. मी येथेंच आहे."

(इ) श्वास नाकानें, घाई न करितां घ्यावा, आणि घेण्यास लागला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. मनांत तीनपर्यंत मोजून घ्यावा, पांचापर्यंत मोजून सोडावा. श्वास सोडतांना हृदयाची गति स्वभावतःच किंचित् मंदावते. म्हणून लांब उच्छ्वास हा सैन्यास परत बोलावण्याचा इशारा ठरतो.

(ई) पाय जमिनीवर टेकवून, समोर दिसणाऱ्या वस्तूंचीं नांवें एकेक करून घ्यावींत. त्यानें मन कल्पनेंतून वर्तमानांत येतें.

परंतु छातींत दाबल्यासारखें दुखून तें हाताकडे किंवा जबड्याकडे पसरत असेल, श्रम करितांना शुद्ध हरपत असेल, ओठ निळे पडत असतील, किंवा असा त्रास पहिल्यानेंच होत असून कारण समजत नसेल, तर वाट न पाहतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

८. पुढील उपाय

रोज अर्धा तास चालणें किंवा शेतांतलें काम करणें हें फार गुणकारी आहे. कारण जें सैन्य पळण्यासाठीं उभें केलें, त्यास पळावयास मिळतें. निजण्याउठण्याची वेळ ठराविक असावी, आणि रात्रीं दूरध्वनियंत्र उशापाशीं ठेवूं नये. दुपारनंतर चहा टाळावा. ज्या गोष्टीची भीति वाटते ती कायमची टाळूं नये. कारण टाळल्यानें क्षणभर बरें वाटतें, पण पहारेकऱ्यास मात्र "संकट खरेंच होतें" असा दाखला मिळतो. वर्गांत बोलण्याची भीति वाटणाऱ्यानें प्रथम एका मित्रापुढें, मग चौघांपुढें, मग वर्गापुढें बोलावें. याप्रमाणें पायरीपायरीनें भीतीशीं ओळख वाढविणें, आणि मनांतील विचार खरे कीं फसवे हें तपासून पाहणें, या पद्धतीनें तज्ज्ञ लोक उपचार करितात, आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. कांहीं जणांस औषधही लागतें. तें डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावें व त्यांच्या सांगण्यावरूनच थांबवावें. दुकानांतून झोंपेच्या गोळ्या आणून देणें अत्यंत धोक्याचें आहे.

भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविल्यास दिवसा वा रात्रीं केव्हांही, कांहीं मूल्य न देतां, आणि मराठींतही सल्ला मिळतो. पुण्यापर्यंत जाण्याचे पैसे नसलेल्या घरास ही सोय मोठी उपकारक आहे. वाचकांनीं हा क्रमांक शाळेच्या व सभागृहाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. एखाद्या मुलानें किंवा मुलीनें "आतां जगण्यांत अर्थ नाहीं" असें म्हटलें, तर तें हंसण्यावारी नेऊं नये. "जीव द्यावा असें मनांत येतें का?" असें स्पष्टपणें विचारावें, विचारल्यानें ती कल्पना मनांत शिरत नाहीं, उलट ओझें हलकें होतें. त्यास एकटें सोडूं नये, आणि त्याच दिवशीं मदत मिळवावी. शेतीचीं विषारी औषधें नेहमींच कुलपांत ठेवावीं. खेड्यांत कित्येक तरुण जीव, घडीभराच्या निराशेंत हाताशीं विष सांपडल्यामुळेंच गेले आहेत.

९. उपदेशक बंधूंस विनंति

आपल्याकडे लोक पहिल्यानें येतात, वैद्याकडे मागाहून जातात. म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे. चिंतेनें थरथरणाऱ्या मुलास "तुझा विश्वास कमी पडतो" असें कृपा करून म्हणूं नका. आधींच भ्यालेल्या जीवावर अपराधाचें ओझें घातल्यानें नौबत थांबत नाहीं. ती दुप्पट जोरानें वाजूं लागते. त्याच्यासाठीं अवश्य प्रार्थना करा, परंतु त्याच वेळीं त्याचा हात धरून दवाखान्याची वाटही दाखवा. त्याच्या अंगांत भूत आहे असें म्हणून कोणी मारहाण करीत असेल किंवा धूर देत असेल, तर तें निर्भयपणें थांबवा. २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें अशीं कृत्यें हा गुन्हा ठरविला आहे. आणि त्यानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट गांवभर होऊं देऊं नका.

घाटांतील त्या रात्रीं खानाच्या सैन्यापैकीं एखादा स्वार पुढें जाऊन नीट पाहता, तर पलित्याखालीं फौज नाहीं, बिचारे बैल उभे आहेत, हें त्यास दिसलें असतें. तरुण मुलास एकट्यानें इतक्या जवळ जाण्याचें धैर्य होत नाहीं. त्याच्याबरोबर जाण्यास कोणी वडीलधारें माणूस हवें असतें. तें माणूस आपणांपैकीं प्रत्येकास होतां येईल.

मंडळींत व शाळेंत चर्चा करण्यासाठीं प्रश्न

१. "पलिते फसवे, पण सैन्य खरें" या वाक्याचा चिंताग्रस्त मुलाच्या संबंधांत काय अर्थ होतो?

२. परीक्षेच्या वेळीं तोंड कोरडें कां पडतें व हात गार कां होतात? मराठींतील कोणते वाक्प्रचार हींच लक्षणें सांगतात?

३. डार्विन कांचेसमोरून मागें कां उडाले? "घाबरूं नको" एवढें सांगणें अपुरें कां आहे?

४. कोणतीं लक्षणें दिसल्यास विलंब न करितां रुग्णालयांत जावें?

५. आपल्या गांवांतून शिकावयास गेलेल्या मुलांपैकीं कोणाची विचारपूस पुष्कळ दिवसांत झालेली नाहीं? ती या आठवड्यांत कोण करील?